शेपटीचा दोर

परीक्षक बाईंना पोपटपंचीचा मनस्वी तिटकारा होता, आणि आज नेमका तसलाच नग वाट्याला आला होता. ढगांतून उडायचं, दोन इंजिनांचं, अशी वैमानिकाच्या परवान्यावरची सगळी रेटिंग खिशात घालून हा पठ्ठ्या आता उड्डाण शिकवायला निघाला होता. शिक्षकाच्या परीक्षेची रीत अशी, की बाईंनी पहिल्या दिवशीचा अडाणी विद्यार्थी व्हायचं आणि त्याने त्यांना शिकवायचं.

शिकवलं की त्याने! विमानाभोवती फिरताना उभं विमान वाऱ्याने हलू नये म्हणून बांधलेले पंखांचे दोर ऐटीत सोडले आणि वारा कसा वाहतो यावर वीस मिनिटं तोंडाचा पट्टा चालवला. शेपटीपाशी येईतो स्वारी इतकी रंगात आली होती, की जमिनीतल्या कडीला शेपूट बांधणारा तिसरा दोर त्याने चक्क ओलांडला आणि बोलतच पुढे गेला. बाईंनी ते पाहिलं आणि अडाणी विद्यार्थ्यासारख्या विमानात त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

इंजिन सुरू झालं. इंजिनाचा जोर वाढवायला त्याने थ्रॉटल पुढे केला. विमान थरथरलं, पण जागचं हललं नाही.

"ब्रेक जरा चिकटलेत," तो म्हणाला. "घाबरू नका. अशा वेळी शिक्षकाने शांत राहायचं असतं." आणि थ्रॉटल आणखी रेटला.

"सर," बाई अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, "एक अडाणी प्रश्न विचारू?"

"विचारा की! कुठलाच प्रश्न अडाणी नसतो."

"शेपटीचा दोर इथेच सोडतात, की वर गेल्यावर कापतात?"