छातीचा पट्टा

वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. भलताच आकडा दिसला की दोष काट्याचा, मालाचा नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्याच डोक्याने मी दादाला पळायला शिकवत होतो.

दादा एकावन्नचा. दहा किलोमीटर एका तासाच्या आत पळायचं त्याने मनावर घेतलं होतं, आणि नेहमीच्या संथ पळण्याने ते होईना. मग मी शहाणपण पाजळलं. दर मंगळवारी सकाळी मैदानाला आठ फेऱ्या, प्रत्येक फेरी जीव तोडून, मध्ये दीड मिनिट चालणं. छातीवरचा पट्टा ठोके मोजायचा आणि मनगटावरचं घड्याळ ते दाखवायचं. पळताना दादाचा आकडा एकशे सत्तरपर्यंत जायचा, चालताना भराभर उतरायचा.

त्या मंगळवारी पाचव्या फेरीनंतर घड्याळात दोनशे बारा दिसले. दीड मिनिट चालूनही दोनशे दहाच.

"डोकं हलकं वाटतंय रे," दादा म्हणाला. "आज पाचच पुरे."

"पट्टा कोरडा पडलाय. ओला कर आणि पळ. नाटकं नकोत."

धाकट्या भावाचं ऐकायची त्याला कधीच सवय नव्हती. त्या दिवशी मात्र ऐकलं. बाटलीतलं पाणी पट्ट्याला लावलं आणि निघाला. दुसऱ्या वळणावर तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तीन आठवड्यांनी वहिनींनी बोलावून घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दवाखान्याने दिलेली प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात पट्टा होता. घड्याळ त्यांनी चार्ज करून बाजूला ठेवलं होतं.

"भाऊजी, मला यातलं काही कळत नाही. त्यांना आधीपासून काही होत होतं का, तेवढं बघून सांगा."

मी बघितलं. चार फेऱ्या अगदी व्यवस्थित. पाचवीत आकडा चढलेला आणि नंतर खाली न आलेला. पट्टा ओला केल्यावरही तोच आकडा.

"पट्टा बिघडला होता," मी म्हणालो. "आकडे खोटे आहेत."

वहिनी खुर्चीत बसल्या.

"म्हणजे माझ्यामुळेच. रविवारी मी तो गरम पाण्यात धुतला. ते बजावून गेले होते, गारच पाणी घे म्हणून. घाईत विसरले." त्यांनी पिशवीतून पट्टा काढून हातात घेतला. "तो धड असता तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही त्यांना थांबवलं असतं."

नुसती मान हलवली असती तरी मी सुटलो असतो. खोटं कशाला बोलू, हलवायच्या बेतातही होतो. पण त्या पट्टा पिळत होत्या, अजून त्यातून गरम पाणी काढायचं असल्यासारख्या.

"वहिनी, पट्टा धड होता. आकडा मी पाहिला होता. दादा पुरे म्हणत होता, मीच त्याला पळायला लावलं."

त्यांचे हात थांबले. त्यांनी पट्ट्याची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली. घड्याळ माझ्या हातातून काढून घेतलं.

या घरातून मला जेवल्याशिवाय कधी कुणी जाऊ दिलं नव्हतं.

"जाताना दार ओढून घ्या," वहिनी म्हणाल्या.