दारावरचं खरवडलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी खोपी आहे. सहा फूट लांब, पाच फूट रुंद. एक दार, एक खिडकी, मासे धरायला तळाच्या फळ्यांत दोन भोकं आणि ओढून नेता यावं म्हणून खाली दोन लाकडी पट्ट्या. माझा मुक्काम दूर उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या एका मोठ्या तळ्यावर. तळ्याकाठी नव्हे बरं का, तळ्यावरच! डिसेंबरात बर्फ हातभर जाड झालं की मला ओढत मधोमध नेतात आणि मार्चमधल्या ठरलेल्या तारखेच्या आत काठावर आणतात. त्या तारखेनंतर बर्फावर खोपी सापडली तर मालकाची खैर नसते. मालक कोण हे कळावं म्हणून त्याचं नाव खोपीवर ठळक रंगवायचं, असा आमच्याकडे कायदाच आहे.

माझ्या दारावर दोन नावं होती. लेंपी आणि वेर्नर यलितालो. ही सख्खी भावंडं, लेंपी थोरली. वडील गेल्यावर त्यांनी घरामागचं वाफेची अंघोळ करायचं जुनं वाफघर मोडलं आणि त्याच्याच फळ्यांतून मला उभं केलं. फळ्या लेंपीने कापल्या, खिळे वेर्नरने ठोकले. त्यातले निम्मे वाकडे.

"अरे, खिळा आहे तो, गळ नाही. वाकवायचा नसतो!" लेंपी म्हणायची.

"मग तूच ठोक ना! बसलीस आपली मुकादमासारखी," असं म्हणत तो पुढचाही वाकडाच ठोकायचा. शेवटी लाल रंगाने दोघांनी आपापलं नाव आपल्या हाताने लिहिलं. मला फार ऐट आली होती त्या दिवशी.

त्यानंतर बत्तीस हिवाळे मी त्या दोघांना पोटात घेऊन बसले. दिवस कलायला लागला की ती दोघं यायची, शेगडी पेटवायची, बर्फात भोकं पाडून गळ सोडायची. मासा कोणता, तर क्रॅपी. पसरलेल्या पंजाएवढा, चपटा, चंदेरी, अंगावर काळे ठिपके. त्याचं तोंड कागदासारखं पातळ. हिसका दिला की फाटतं आणि मासा जातो. शिवाय तो गळ घेतो खालून वर येत. त्यामुळे दोरी ताणली जात नाही, उलट ढिली पडते आणि दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बोंडूक गपचूप आडवं होतं. वेर्नरला ते कधी दिसायचंच नाही. लेंपी त्याच्या गुडघ्यावर चापट मारायची, "अरे, आडवं झालंय, बघ! हळू, हळू उचल!" मग दोघं कॉफीत वेलदोड्याचा गोड पाव बुडवून खायची. हंगामातला पहिला मासा कोणाचा आणि किती फूट खोलीवर, हे लेंपी पेन्सिलीने माझ्या भिंतीवर लिहायची. कधी लेंपी, एकतीस फूट. कधी वेर्नर, अठ्ठावीस फूट. अशा बत्तीस ओळी झाल्या होत्या. इतकं सुख कोणत्या खोपीच्या वाट्याला येतं?

तेहतिसाव्या हिवाळ्यात लेंपीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मला बर्फावर आणलं वेर्नरने एकट्याने, आणि पंधरा दिवसांत स्वतःसाठी चाकांचं नवं घर आणून शेजारी उभं केलं. त्यात पलंग होता, टीव्ही होता, पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा होता. मला हेवा वाटला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. तरी म्हटलं, असू दे. मला म्हातारीला विसरला नाही म्हणजे झालं.

मित्रांनो, बर्फावरच्या खोपीला एक जपणूक लागते. तिच्या खाली ठोकळे द्यावे लागतात, आणि अधूनमधून जागेवरून हलवावं लागतं. नाहीतर वर हिम साचतं, त्याच्या भाराने बर्फ खाली दबतं, भोकांतून पाणी वर येतं आणि थिजून खोपीला धरून ठेवतं. हे वेर्नरला माहीत नव्हतं थोडंच! फेब्रुवारीत एकदा तो माझ्याच भिंतीला टेकून फोनवर लेंपीशी बोलत होता.

"हो गं बाई, घातलेत ठोकळे. किती वेळा विचारशील?"

लेंपीचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू आलं. "रागावू नकोस रे. एवढं एकच काम कर माझं. बर्फ जायच्या आत तिला घरी आण. मला आता तळ्यावर यायला जमेल न जमेल. परसात ठेवीन, तिच्यात बसून कॉफी पिईन."

"आणतो म्हटलं ना!"

माझ्याखाली एकही ठोकळा नव्हता. त्याच आठवड्यात पाणी वर आलं आणि माझ्या दोन्ही पट्ट्या बर्फात रुतून बसल्या.

मार्चमध्ये बाकीच्या खोप्या एकेक करून निघून गेल्या. तारखेला चार दिवस उरले असताना वेर्नर पहार घेऊन आला. मला हायसं वाटलं. त्याने आठ-दहा घाव घातले, घाम पुसला, चारी बाजूंना पाहिलं. मग पहार गाडीत टाकली आणि रंग काढायची पाती घेऊन तो दाराशी आला. मला वाटलं, दारावरचं बर्फ काढतोय. तो नाव काढत होता. आधी स्वतःचं. मग लेंपीचं. एक रेघ उरली नाही ना, हे त्याने बोट फिरवून पाहिलं. इतक्या निगुतीने त्याने मला कधी खिळासुद्धा ठोकला नव्हता.

मग नवं घर गाडीला जोडून तो निघून गेला. बर्फ वितळल्यावर मी तळाशी जाणार होते. पण खरं सांगते, मला बुडण्याची भीती नव्हती वाटत. बत्तीस वर्षं ज्याला ऊब दिली त्याने मला बेवारस केलं, याने माझी फळी न् फळी दुखत होती. आणि लेंपी वाट पाहत असेल, हे मनातून जात नव्हतं.

दोन दिवसांनी शिकार-मासेमारी खात्याची डार्ला शेवटच्या फेरीला आली. बिननावाचं दार पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि आत डोकावली. वेर्नर बाहेरचं खरवडून गेला होता, आतल्या भिंतीकडे त्याने पाहिलंच नव्हतं. डार्लाने त्या ओळी वाचल्या, लेंपीचं नाव तिच्या ओळखीचं होतं, आणि तिने जागेवरूनच तिला फोन लावला.

तासाभरात लेंपी आली, डार्लाच्या बर्फगाडीवर मागे बसून, हातात काठी. 

"मला म्हणाला, चोरीला गेली," ती मला पाहून म्हणाली. "मी दोन रात्री रडले गं. आणि तो मला समजावत होता, चहा करून देत होता!"

"लेंपीबाई, तक्रार लिहून घेऊ का त्याच्यावर?" डार्लाने विचारलं.

लेंपीने दारावरच्या उघड्या लाकडावरून हात फिरवला. "कुणावर लिहिशील? इथे त्याचं नाव कुठाय? पहार दे इकडे."

"अहो, गुडघा..."

"गुडघा माझाय. दे."

दिवस मावळेपर्यंत दोघी आळीपाळीने बर्फ फोडत होत्या. शेवटी बर्फगाडीने मला हिसका दिला. माझी डावी पट्टी मोडून बर्फातच राहिली, पण मी सुटले. लंगडत लंगडत काठावर आले. लेंपीही माझ्यासारखीच लंगडत चालली होती.

तिने मला परसात ठेवलं नाही. उन्हाळ्यात नवी पट्टी बसवली आणि डिसेंबरात डार्लाच्या मदतीने पुन्हा तळ्यावर नेलं. दारावर लाल रंगात स्वतःचं नाव लिहिलं. त्याच्या शेजारची खरवडलेली जागा तिने तशीच ठेवली. रंग शिल्लक होता, तरी.

एका संध्याकाळी दारावर थाप पडली. वेर्नर होता. त्याच्या पडद्यावर मासेच येत नव्हते म्हणे.

"लेंपी, किती फुटांवर लागतायत गं?"

लेंपीने बोंडुकावरची नजर काढली नाही. "दार उघडंच आहे. आधी ते वाच, आणि तुझं नाव दिसलं तर आत ये."

 मग पावलं करकरत दूर गेली. तेवढ्यात बोंडूक आडवं झालं. लेंपीने हळूच मासा वर घेतला. हंगामातला पहिला. तिने पेन्सिल काढली, भिंतीवर लिहिलं, "लेंपी, एकोणतीस फूट." सवयीने आणलेला दुसरा पाव तिने पिशवीतून काढलाच नाही. त्या दिवसापासून ती एकच आणते.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. एक दिवस मला कुजायचं आहेच. जुनी वस्तू नकोशी झाली तर खुशाल मोडा, जळणाला घाला, तिला राग येणार नाही. माझ्या फळ्या एकदा मोडल्याच होत्या की! पण जिच्यावर तुम्ही आपल्या हाताने नाव लिहिलं, तिच्यावरून ते गुपचूप खरवडून जाऊ नका. खरवडणाऱ्याची जागा पुन्हा रंग धरत नाही.