तारा उतरवताना

शिष्याचं व्हायोलिन स्वतःच्या हाताने सुरात लावल्याशिवाय सर धडा सुरू करत नसत. कुणी घरून लावून आलं, तर "फार शहाणे झालात!" म्हणत सगळ्या खुंट्या सैल करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचे. राग कायम नाकावर. सभागृहं गाजवण्याचे दिवस कधीच सरले होते. आता ही खोली आणि हे शिष्य, एवढंच त्यांचं राज्य उरलं होतं.

त्या संध्याकाळी लेकही आली होती. वाद्यवृंदात वाजवायची ती. रविवारी तिचं पहिलं एकलवादन होतं. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं सगळ्यांना कौतुकाने सांगत सरांनी तिचंही व्हायोलिन लावून दिलं. शिकवणी संपली, सगळे गेले, आणि तिचा मफलर खुर्चीवरच राहिला. तो घेऊन सर तिच्यामागे जिन्याकडे निघाले.

खालच्या वळणावर लेक आणि बँकेत काम करणारी एक शिष्या पायरीवर बसल्या होत्या. फोनवरचा सूर ऐकत दोघी खुंट्या सैल करून आपापल्या तारा योग्य सुरापर्यंत उतरवत होत्या.

"आज सरांनी जास्तच चढवल्यात ना?" बँकवाली म्हणाली.

"दर महिन्याला थोड्या जास्त चढतात. बाबांचा कान गेलाय. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?"

सर वरच्या पायरीवरच थांबले. घंटा एकीने बांधली होती. गेल्या वर्षी एक लाजरी मुलगी भर वर्गात म्हणाली होती, "सर, तारा चढल्यात." तिला ते काय बोलले, ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं: "तुला कानच नाही. व्हायोलिन विकून टाक."

"ती पोरगी बरोबर होती?" त्यांनी वरूनच विचारलं.

दोघी दचकून उभ्या राहिल्या. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो, बाबा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लागलं असतं."

सर मटकन पायरीवर बसले. स्वतःच्या कानाचं दुःख करायलाही त्यांना लाज वाटली. "चल, आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जाऊ. म्हणावं, बाई, तुझाच कान खरा. उद्यापासून ये."

लेक जागची हलली नाही.

"बाबा, तिने तुमचं ऐकलं. त्याच आठवड्यात व्हायोलिन विकलं."