पंख्याचा स्विच आणि माझा डावा हात

आमच्या गॅरेजचा पहिला नियम: गाडीत हात घालण्याआधी घड्याळ काढायचं. हा नियम मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असते. त्यामुळे डेंटिस्टकाकांच्या गाडीत, डॅशबोर्डखाली पाठीवर पडलेली, पाय डावीकडच्या दाराबाहेर, डावा हात कोपरापर्यंत आत, अशा अवस्थेत माझ्या घड्याळाचा पट्टा आतल्या लोखंडी पट्टीत अडकला, तेव्हा मनात एकच आलं. कुणाला कळता कामा नये.

कुणाला म्हणजे मावशीला. ती चार पावलांवर स्टुलावर बसली होती, बॅग पायाशी ठेवून. चारच्या बसनं ती घरी जाणार होती आणि मी हरले तर पुढच्या महिन्यात तिच्याकडे मीसुद्धा. दोन वर्षं तिच्या घरी राहायचं, तिथल्या कॉलेजात जायचं, "आणि या ग्रीसमधून एकदाची बाहेर पडायचं." कॉलेजला माझी ना नाही हो! पण मला इथलंच कॉलेज हवंय, आणि संध्याकाळी आईच्या शेजारची खुर्ची. आई गाड्यांचं वायरिंग करते. मलाही तेच करायचंय.

सकाळी चहा पिताना पैज लागली. एक काम, माझं मी, आईला एक शब्द न विचारता, बस सुटायच्या आत. आईला हाक मारली की हरले.

काम म्हणजे हीटरच्या पंख्याचा गोल फिरवायचा स्विच. बंद, एक, दोन, तीन. जुना जळला होता. त्याच्या मागे चार वायरी जातात. एक जाड, तिच्यातून करंट येतो. बाकीच्या तीन बारीक, पंख्याच्या तीन वेगांच्या. या गाडीत त्या इतक्या आखूड आहेत की स्विच पुढून बसवायचा आणि वायरी मागून, न बघता, बोटांनी खोचायच्या.

आईनं काल जुना स्विच काढताना बारीक वायरींना दोऱ्याच्या गाठी बांधल्या होत्या. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. सकाळी मी म्हटलं, "काय गं आई, शिवणकाम आहे का हे?" आणि कात्रीनं सगळ्या गाठी उडवून रंगीत टेप लावली. लाल, पिवळी, निळी. काय झकास दिसत होतं!

आता आत मिट्ट काळोख, आणि लाल टेप बोटांना निळ्यासारखीच लागते.

"झालं का गं?" मावशी.

"होतंय!"

"नाही, मघापासून पाय हलले नाहीत म्हणून विचारलं."

मी पाय हलवले. हात ओढून पाहिला. पट्टा आणखी आवळला. दुसरा हात तिथवर पोचेना. कानात घामाचा थेंब उतरला, नाकाला खाज सुटली, छातीवर अख्खी गाडी बसल्यासारखं वाटायला लागलं. आणि तिकडे आई, माझ्याकडे पाठ करून, मजेत गुणगुणत एका हेडलाइटच्या वायरीला सोल्डरिंगचा डाग देत होती. 'आई' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला. मी तो गिळला.

मग सुचलं. बोटांना रंग कळत नसेल, पण कानांना वेग कळतो की!

"मावशी, जरा ड्रायव्हरच्या सीटवर बस ना. किल्ली एकच टप्पा फिरव. इंजिन सुरू करू नकोस."

"मी? तुझ्या आईला सांग."

"आईला विचारायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?"

मावशी कुरकुरत बसली. किल्ली फिरली. मी जाड वायरीचं टोक एका बारीक वायरीला चिमटीत टेकवलं. पंखा कण्हला.

"दमेकरी दिसतोय," मावशी म्हणाली.

"हा एक!" ती वायर करंगळीत धरली. दुसरी टेकवली आणि जोरात झोत सुटला.

"अगं बाई, माझे केस! डोळ्यांत धूळ!"

"हा तीन! सॉरी! आता किल्ली बंद कर!"

उरली ती दोन. मी डावीकडून उजवीकडे एक, दोन, तीन खोचल्या आणि जाड वायर मधल्या पिनेवर बसवली. मावशीनं पुन्हा किल्ली दिली, बटण फिरवलं. पंखा सुरू.

"चालतो की!" ती म्हणाली. आवाजात हसू होतं, शपथ! "हरले बाई मी. ये बाहेर."

"मी इथेच बरी आहे."

"अडकलीस?"

"थोडीशी."

मावशी इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली वाकली आणि तिच्या बाजूनं हात घातला. तिची बोटं बारीक आहेत, पोचली. "हे मी दिलेलंच घड्याळ ना?" तिनं विचारलं. पट्टा सुटला, हात बाहेर आला. मनगटाला लाल वळ, आणि घड्याळ आतच लटकत राहिलं.

तीन पस्तीस. मी दिमाखात सीटवर बसले आणि स्वतः बटण फिरवलं. एकवर वादळ. तीनवर दमेकरी.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागून बघताना डावं ते पुढून उजवं!

मावशीनं बॅग उचलली होती. तिला काहीच कळलं नव्हतं. चालू म्हणजे चालू. पण तिकडे गुणगुणणं थांबलं होतं. आईनं ऐकलं होतं. ती वळली नाही. तिचा हात मात्र हेडलाइटवर तसाच थांबला.

गप्प बसले असते तर जिंकले होते. डेंटिस्टकाकांना तरी काय, दोन दिवसांत उलट्या बटणाची सवय झाली असती.

"मावशी," मी म्हटलं, "उलटं झालंय. एकच्या जागी तीन लागलंय. अजून झालं नाही काम."

"पण चालतोय ना?"

"चालतोय. पण चुकीचा."

मी पुन्हा खाली शिरले. पाठ, धूळ, काळोख. हात त्याच भोकात. चार वाजायला जेमतेम वीस मिनिटं उरली होती.

माझ्या पोटावर काहीतरी टपकन पडलं. दोऱ्याचं रीळ.

"ए, हे चालणार नाही!" मावशी ओरडली.

"मी कुठे काय बोलले?" आईचा आवाज.

बॅग जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ स्टूल करकरलं.

"पुढची बस साडेपाचला आहे," मावशी म्हणाली. "आणि ते घड्याळ आधी बाहेर काढ."