आईची बोटं आणि माझं कुलूप

मी एक जुनी तिजोरी आहे, पण मला कुणी म्हातारी म्हटलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, कारखान्यात जाड पोलादी पत्रा वाकवून मला घडवलं. दोन माणसांनी धापा टाकत मला जिना चढवून या घरात आणलं. या घरची आई लाँड्री चालवायची. तिने स्वतःच्या कमाईतून मला घेतलं. तिच्या घराचे कागद, तिचे दागिने आणि तिची काही पत्रं मी सांभाळते. पत्रं कुणाची? विचारू नका, सांगणार नाही.

माझ्या दारावर आकड्यांचं इलेक्ट्रॉनिक कुलूप होतं. सुरुवातीला पाहुणे बटणांचा आवाज ऐकूनच वाहवा करायचे. पुढे कौतुक आटलं. कुलपातल्या सेलकडे कित्येक वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सेल पाझरले, तारा गंजल्या आणि एका सकाळी कुलूप बंद पडलं. खापर मात्र माझ्यावर! "जुनाट डबा आहे नुसता," आईचा मुलगा म्हणाला. डबा म्हणे! असा राग आला म्हणून सांगू!

मुलाने कुलूपवाल्यांना बोलावलं. त्यांनी राखीव किल्लीने मला उघडलं, खराब कुलूप काढलं आणि दोन नवी कुलपं टेबलावर ठेवली. एक बोटाच्या ठशावर उघडणारं, चकचकीत. दुसरं मोठ्या बटणांचं, साधं.

"हे ठशाचंच बसवा," मुलगा म्हणाला. "आकडे पाठ करायची कटकटच नको."

कुलूपवाल्यांनी माझं दार उघडं ठेवूनच ते जोडून पाहिलं. मुलाने बोट टेकवलं, हिरवा दिवा लागला. मग आईने टेकवलं. लाल. तिने बोट पुसून पुन्हा टेकवलं. लाल. दुसरं बोट, मग अंगठा. लालच.

कुलूपवाल्यांनी तिची बोटं उजेडात पाहिली. "ताई, रेषाच उरल्या नाहीत हो तुमच्या." कशा उरतील? तीस वर्षं सोड्याचं पाणी आणि तापलेली इस्त्री!

"मग काय बिघडलं?" मुलगा म्हणाला. "माझं बोट चालतंय की. तुला काही लागलं तर मला हाक मार."

ऐकलंत? माझ्या मालकिणीने स्वतःच्याच तिजोरीसाठी हाका मारायच्या? आईने हात पाठीमागे लपवला. माझा जीव तिळतिळ तुटला. असलं कुलूप छातीवर मिरवण्यापेक्षा मी भंगारात जाईन, असं मी मनातल्या मनात ठणकावलं.

आईने मान वर केली. "ते काढा, दादा. बटणांचं लावा."

"अगं आई, मी तुझ्या सोयीसाठीच म्हणत होतो."

"माझी सोय मला कळते रे."

दुसरं कुलूप माझ्या जुन्या भोकांवर बरोबर बसलं. त्याचे सेल बाहेरूनच बदलता येतात, हे कुलूपवाल्यांनी आईला दोनदा करून दाखवलं. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "आकडा टाका, ताई. मालक आकडा टाकतो तेव्हा आम्ही बघत नाही."

मुलगा तिथेच उभा होता. "मी काय परका आहे?"

 आई बटणावर बोट ठेवून नुसती थांबली. मुलाचे कान लाल झाले. शेवटी तोही भिंतीकडे वळला. तेव्हा कुठे तिने एकेक बटण दाबलं, आणि मी खणखणीत आवाज करून माझे दांडे मागे ओढले.

मित्रांनो, आमचे सेल वेळेवर बदला, गंज धरू देऊ नका. आणि कुलूप निवडताना आधी विचारा, उघडणारे हात कुणाचे? त्या हातांना जे उघडत नाही, ते कितीही महागाचं असलं तरी दुकानातच राहू द्या. आईचा आकडा फक्त आईला आणि मला ठाऊक आहे. मला कापायला यंत्र आणलं तरी मी तो सांगायची नाही!