आणखी अर्धा पेच

दोन हजार आठ साली डिझेलचे भाव भडकले आणि हेडमास्तरांच्या डोक्यात खाद्यतेल शिरलं. हॉटेलात तळून उरलेलं तेल डबे भरभरून आणायचं, जुन्या चादरीतून गाळायचं आणि डिझेल गाडीच्या टाकीत ओतायचं. गाडी चालली, हे कबूल केलंच पाहिजे. जाईल तिथे तळणाचा वास सोडायची. गल्लीतली कुत्री तेव्हापासून हेडमास्तरांवर जीव टाकू लागली. त्याआधी कुणी टाकल्याचं ऐकिवात नाही.

थोड्याच दिवसांत गाडी गळू लागली. त्या तेलानं रबरी नळ्या फुगून पावासारख्या मऊ झाल्या होत्या. हेडमास्तरांचं निदान मात्र ठरलेलं, "क्लिपा सैल आहेत." शाळेतल्या मुलांबद्दलही त्यांचं हेच मत होतं. रोज सकाळी ते बॉनेटखाली मान घालत, स्क्रू ड्रायव्हरनं नळ्यांवरची एकेक क्लिप अर्धा पेच आवळत आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवत. दुसऱ्या दिवशी अग्रलेखावर डाग. मग आणखी अर्धा पेच.

त्यांच्या बायकोला याचं हसूच आलं असतं, पण तिचं सगळं याच गाडीवर अडलं होतं. ती नर्स. रात्रपाळ्या करून कंबरेचा काटा ढिला झालेला. घरोघर जाऊन रोगी बघायची दिवसाची नोकरी मिळत होती, पण त्यासाठी गाडीचं लायसन्स हवं. सोमवारी परीक्षा होती आणि गाडी आपली आपण न्यायची होती.

"अहो, तुम्ही जिथे आवळता तिथेच दुसऱ्या दिवशी गळतं," रविवारी ती म्हणाली. "पट्टी फार आवळली की बोट काळं पडतं. गॅरेजवाल्याला नळ्या बदलू द्या ना."

"तो लुटारू आहे. आणि तू माणसांची नर्स आहेस, गाड्यांची नव्हे."

"मग निदान उद्या सकाळी हात लावू नका. तेवढा शब्द द्या."

"बरं बाई, दिला."

"लहानपणी यानं घड्याळाला अशीच किल्ली दिली होती," शेंगा सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. "पडलंय अजून माळ्यावर."

सोमवारी नर्सबाईंनी गाडी मागे घेतली, वळवली, दोन खांबांमध्ये अलगद उभी केली. चढावर मात्र इंजिन खोकलं आणि बंद पडलं. चालू केलं, पुन्हा बंद.

"तेल आहे ना गाडीत?" शेजारी बसलेल्या परीक्षकानं विचारलं.

तिनं उतरून बॉनेट उघडलं. टाकीकडून येणारी नळी क्लिपेखाली अर्धी कापली गेली होती आणि इंजिन तिथून तेलाऐवजी हवा ओढत होतं. क्लिपेच्या स्क्रूवर ताजा, चकचकीत ओरखडा. तिनं कुंपणापलीकडे उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. हेडमास्तर आभाळ न्याहाळत होते.

"नापास," परीक्षक म्हणाला. "वास मात्र झकास आहे हो. भूक लागली."

"सकाळी हात लावलात?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"अर्धाच पेच गं. तुझ्यासाठीच. म्हटलं, आज दगा नको."

"माझ्यासाठी यापुढे काही करू नका," ती म्हणाली आणि गाडी ओढून थेट गॅरेजात नेली. तेलाला दाद न देणाऱ्या नळ्या बसवून घेतल्या, आपल्या पैशानं. घरी आल्यावर स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"माझ्या गादीखाली ठेव," सासूबाई म्हणाल्या. "तिथे हात घालायची छाती नाही त्याची."

पुढच्या खेपेला ती पास झाली.

निवृत्त होईपर्यंत ती त्याच गाडीतून रोगी बघत फिरली. परीक्षकाला पुढे मधुमेह झाला, तळलेलं बंद झालं. त्याला इंजेक्शन द्यायला तीच जायची, आणि गाडी मुद्दाम खिडकीखाली लावायची. गॅरेजवाल्याचं एक चांगलं गिऱ्हाईक गेलं, कारण त्या नळ्या पुन्हा कधी गळल्या नाहीत. सासूबाई त्याच गादीवर झोपेत गेल्या. गादी उचलली तेव्हा स्क्रू ड्रायव्हर सापडला. हेडमास्तरांनी तो डोळे पुसत उचलला आणि कुणी काही म्हणायच्या आत आपल्या चष्म्याची सैल काडी आवळली.

काच तडकली. आता गाडीत ते बायकोशेजारी बसतात आणि पुढचं काही दिसत नसतानाही तिला रस्ता सांगतात.