मी बिघडले नव्हते

मित्रांनो, मी एक जुने बीपीचे मशीन आहे. लहानशा डब्याएवढे माझे अंग, त्याला एक रबरी नळी आणि नळीच्या टोकाला दंडावर बांधायचा पट्टा. आम्हाला बोलता येत नाही, फक्त आकडे दाखवता येतात. पण त्या बाबतीत मी पक्के आहे. कारखान्यात माझी तीन वेळा परीक्षा झाली आणि तिन्ही वेळा मी पास झाले. असे स्वतःच्या तोंडाने सांगू नये, हे मला कळते. पण माझ्यावर आळ आला होता, म्हणून सांगते.

मी ज्या घरी आले, तिथल्या आजींचे खुब्याचे हाड मोडले होते. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. आजींना सांभाळायला एक मावशी येत असे. आजी एकाहत्तर वर्षांच्या आणि मावशी अडुसष्टची.

"मला आजी म्हणतेस, तुझे दात किती राहिलेत ते बघ आधी," आजी म्हणायच्या.

"सगळं घर म्हणतं, मीच काय घोडं मारलंय?" मावशी म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या.

रोज सकाळी मावशी माझा पट्टा आजींच्या दंडाला बांधायची आणि माझे आकडे वहीत उतरवायची. मग आजींचे हात स्वतःच्या गळ्यात घ्यायची, "एक, दोन, उठा" म्हणायची आणि त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायची. दिवसातून सहा वेळा. प्रत्येक वेळी नंतर ती क्षणभर भिंतीला हात लावून उभी राहायची. ते फक्त मला दिसायचे. मावशी कधी कुरकुरली नाही. तिच्या आधीची बाई एकदा "गुडघे दुखतात" म्हणाली होती आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या जागी ही मावशी आली होती.

एके दुपारी आजींचा डोळा लागला होता. मावशीचे डोके सकाळपासून ठणकत होते. तिने इकडेतिकडे पाहिले आणि माझा पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. मी फुगले, मोजले आणि खरे ते सांगितले. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी. मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने पट्टा सोडला, घडी केली आणि भाजी चिरायला गेली.

आता माझी खोड अशी, की शेवटचा आकडा मी लक्षात ठेवते. संध्याकाळी सुनेने बटण दाबले आणि तो आकडा पुन्हा उजळला.

"मावशी, हे काय? वहीत तर एकशे अठ्ठावीस आहे."

मित्रांनो, मावशीने एवढेच म्हणायचे होते, "वहिनी, तो माझा आहे." मावशीचे ओठ हललेसुद्धा. पण ती म्हणाली, "मशीन बिघडलंय वाटतं."

सुनेने लगेच आजींचे बीपी पुन्हा मोजले. ते व्यवस्थित आले, म्हणजे आधीचा आकडा माझीच चूक ठरली. झाले, माझा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी नवे मशीन आले आणि मी मावशीच्या पिशवीतून तिच्या घरी गेले.

तिथे तिच्या लेकीने मला हौसेने आईच्या दंडाला बांधले. आकडा एकशे ब्याण्णव.

"आई, चल दवाखान्यात."

"अगं, बिघडलेलं आहे ते. म्हणून तर दिलं त्यांनी."

लेकीला ते पटले. आणि वाईट याचे वाटते, की हळूहळू मावशीलाही पटले. तिने मला कपाटात टाकले. तिथे मी दोन महिने पडून होते.

मग एका सकाळी, हे मी नंतर लेकीच्या तोंडून ऐकले, आजींना उचलताना मावशीच्या उजव्या हातातली ताकदच गेली. तरी तिने आजींना आधी खुर्चीत नीट टेकवले आणि मग स्वतः जमिनीवर बसली ती उठलीच नाही. नंतर दवाखान्यातून ती घरी आली, पण उजवी बाजू लुळी पडली होती. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी त्यांच्या मशीनने बीपी मोजले. लेकीने मला कपाटातून काढून दिले, तेव्हा माझ्यावरही मोजले. दोघांचा आकडा सारखा आला.

"हे तर अगदी बरोबर दाखवतंय," डॉक्टर म्हणाले. लेक मला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. आळ गेला, पण मला आनंद झाला नाही.

एकदा सूनही भेटायला आली. तिचे डोळे भरून आले होते. "मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मावशीची जीभ आता जड झाली आहे. तिने एकेक शब्द जुळवला. "ठेवलं असतं का मला?"



मित्रांनो, आता रोज सकाळी लेक आईचे हात आपल्या गळ्यात घेते आणि म्हणते, "एक, दोन, उठा." मी उशाशी असते. तुमच्या घरी अशी एखादी मावशी येत असेल, तर पट्टा एकदा तिच्याही दंडाला बांधा. मात्र आकडा कितीही आला तरी तिचे काम जाणार नाही, हे तिला आधी सांगा. मगच माझे बटण दाबा.